पासवर्ड कुणाच्या हाती?

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. अशा हजारो गावांचा कारभार आज संगणकावर चालतो. दाखले, घरकुलाच्या याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, वित्त आयोगाचा निधी, सारे काही त्यातूनच जाते. म्हणजे संगणक सांभाळणारा माणूस गावकारभाराचा नवा किल्लेदार झाला आहे. हा किल्लेदार कोणत्या परीक्षेतून येतो? त्या परीक्षेत काय विचारायचे, हे कोण ठरवतो? प्रश्न तांत्रिक दिसतो. आमच्या मते तो सत्तेचा प्रश्न आहे.

२००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हे नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले. सरकारी लिपिकाच्या जागेसाठी एमएस-सीआयटी किंवा केंद्राची सीसीसी परीक्षा मागितली जाऊ लागली. फेब्रुवारी २०१३च्या शासन निर्णयाने तर संगणक अर्हतेची यादीच ठरवून दिली. आमच्या वस्त्यांतील आईबापांनी मजुरीच्या पैशातून या परीक्षांची फी भरली. त्यातून असंख्य हात माऊसला सरावले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पत्र टाइप करणे, तक्ता मांडणे, ई-मेल पाठवणे ही संगणक वापरणाऱ्याची परीक्षा झाली. संगणकयंत्रणा चालवणाऱ्याची परीक्षा वेगळी असते. गाडीत बसता येणे आणि बंद पडलेली गाडी दुरुस्त करता येणे, यात जेवढे अंतर आहे तेवढेच येथे आहे.

२०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने आणि २०१६ नंतर आपले सरकार सेवा केंद्रांनी ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसवले. यंत्रणा चालवण्याचे काम प्रत्यक्षात तेच करतात. तुटपुंज्या मानधनावर राबतात, किमान वेतनासाठी मोर्चे काढतात. परीक्षेत काय असावे, हे त्यांना कधी कुणी विचारले काय?

परीक्षेचे विषय आणि तिचे ठिकाण हेच दाराला लावलेले कुलूप असते, हा इतिहास आहे. १८५५ साली आयसीएसची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. तिच्यात ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. परीक्षा लंडनला, ती भारतातही होऊ लागली १९२२ साली. आणि या देशातल्या कुलपाची गोष्ट काय सांगावी? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात ठासून मांडले, की अस्पृश्य समाजाला केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे. आम्ही मात्र ‘कॉम्प्युटर सर्टिफिकेट’ मिळाले की समाधानी!

जगात हे काम कसे चालते? १९९९ साली स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच विचारले, की तुम्ही कोणती कामे करता, किती वेळा करता आणि कोणते काम चुकले तर मोठे नुकसान होते? त्यावरून विषय आणि त्यांचे वजन ठरले. रेड हॅट कंपनीच्या परीक्षेत चालू यंत्र समोर ठेवतात आणि काम करून दाखवायला सांगतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही केलेले काम टिकले पाहिजे, तरच गुण! घोकंपट्टीला तेथे जागा नाही.

हीच पद्धत सोनाळ्यासारख्या गावाला लावा, म्हणजे अभ्यासक्रम आपोआप समोर येतो. वीज गेल्यावर नोंदी वाचवणे. माहितीची दुसरी प्रत ठेवणे आणि ती परत आणून दाखवणे. नेट बंद पडले तर दोष वायरीत आहे, यंत्रात आहे की सर्व्हरवर, हे शोधणे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागद लिहावे लागले. तेथे ही गत, तर गावात काय होईल?

पण सर्वात जास्त वजन दिले पाहिजे ते अधिकाराच्या विषयाला. कोणाला कोणती फाइल दिसावी, बदल कोणी केला याची नोंद कशी ठेवावी आणि ती कशी वाचावी. ७३व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना सरपंचपदावर हक्क दिला. आज ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीने निघतात. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. खुर्चीवर आमची भगिनी आणि डोंगल व पासवर्ड दुसऱ्याच्या खिशात असेल, तर ते आरक्षण कागदावरचेच! सरपंचाचा डोंगल सरपंचाकडेच राहिला पाहिजे, हे परिचालकाला आणि सरपंचालाही शिकवले पाहिजे. जातीचे दाखले, आधारच्या प्रती गावभर फिरू नयेत, हेही त्यातच येते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो परीक्षेत यायलाच हवा.

कुणी म्हणेल, परीक्षा अवघड केली तर आपलीच पोरे बाहेर राहतील. आम्हाला हे पटत नाही. आमची पोरे अवघड अभ्यासाला कधीच भ्याली नाहीत. ती अडतात परक्या भाषेला, न परवडणाऱ्या फीला आणि दूरच्या केंद्राला. म्हणून प्रश्न मराठीत हवेत, परीक्षा तालुक्याला हवी, ती एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेली नको आणि विषय ठरवणाऱ्या समितीत गावचे परिचालक हवेत. बार्टीने हा अभ्यासक्रम हाती घ्यावा. कार्यकर्त्यांनीही ग्रामसभेत उभे राहून एक साधा प्रश्न विचारावा, आपल्या ग्रामपंचायतीचा पासवर्ड कुणाकडे आहे?

मोक्याच्या जागा मिळवा, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. आजची मोक्याची जागा त्या पडद्याच्या मागे आहे.