यादीतले नाव

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एक काम ठरलेले असते. यादी करायची. कोणाकडे वह्या नाहीत, कोणाचे दप्तर शिवून शिवून संपले, कोणाच्या अंगावर थोरल्या भावाचा उतरलेला गणवेश आहे. गावातले एखादे मंडळ, एखादे व्यापारी, कधी मशिदीची जमात निरोप पाठवते, "मॅडम, गरजू मुलांची नावे द्या." आम्ही देतो. वीस वर्षे देत आलो. त्या यादीत काय चुकते, ते गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने आम्हाला शिकवले. त्याचे नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

त्याचे अब्बा टेम्पो चालवायचे, दोन वर्षांपूर्वी वारले. अम्मी लोकांचे कपडे शिवते. मुलगा गणितात हुशार, बाकी विषयांत बरा. आम्ही त्याचे नाव यादीत अगदी वर घातले. पंधरा दिवसांनी दप्तरे आली. मैदानात मंडप, खुर्च्या, हारतुरे. एकेका मुलाला नावाने पुकारले, पाहुण्यांनी दप्तर दिले, मुलाने दोन्ही हातांनी घेतले, फोटो निघाला. दप्तरावर देणाऱ्यांचे नाव ठळक छापलेले. संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे फोटो आले. खाली ओळ होती, 'गरीब व अनाथ विद्यार्थ्यांना मदतीचा हात'. आम्हीही खाली 'माशाअल्लाह' लिहून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्या मुलाला नवे नाव मिळाले, 'गरीब व'. एवढेच. पुढचा शब्द कोणी उच्चारायचे नाही, पण तो सगळ्यांना ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी तो दप्तर उलटे करून घेऊन आला. अस्तर बाहेर, छापलेले नाव आत. चेन लागत नव्हती, वह्या बाहेर डोकावत होत्या. आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही भर वर्गात विचारले, "अरे, दप्तर असे उलटे का?" सगळा वर्ग हसला. त्यानंतर तो शाळेत आला नाही.

आठवड्याने आम्ही त्याच्या घरी गेलो. अम्मी शिलाई मशीनवर बसली होती. म्हणाली, "बाजी, मई बोल बोल के थकी. जाताच नइ." तो स्टँडजवळच्या पंक्चरच्या दुकानात बसतो असे कळले. तिथे जाऊन भेटलो. हात काळे झाले होते, पण नजर सरळ होती. म्हणाला, "मॅडम, इथे मी काम करतो म्हणून पैसे देतात."

बारा वर्षांच्या मुलाने दुकानात राबू नये, हे सांगायला आमच्याकडे कायदा होता, बी.एड.ला शिकलेले बालमानसशास्त्र होते. त्या एका वाक्याला मात्र उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. आमची शाळा कऱ्हाडच्या बाजूला, आणि कऱ्हाड तालुक्यातच काले हे गाव. तिथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आज तिच्या शाखा सातशेच्या वर आहेत. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले 'रयत'च्या शाळेत शिकली, शिकत आहेत. उर्दू शिकवणाऱ्यांना या नावाचे वेगळेच अप्रूप वाटते. 'रयत' हा शब्द मूळचा अरबी. राखणीतला कळप, ज्यांची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे अशी माणसे, आणि मग प्रजा, असा त्याचा अर्थ होत गेला. मराठीत तो असा मुरला की परका वाटत नाही.

भाऊराव जन्मले २२ सप्टेंबर १८८७ रोजी, कुंभोजला, जैन कुटुंबात. पोटासाठी त्यांनी कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली. खेड्यात शाळा नाही, तालुक्याला आहे. पण तालुक्याला राहायचे कुठे, जेवायचे काय? म्हणजे नुसती फी माफ करून भागत नव्हते. म्हणून त्यांनी वसतिगृहापासून सुरुवात केली. १९२४ मध्ये ते साताऱ्याला आले आणि बोर्डिंग उभे राहिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांची पोरे तिथे एका चुलीवरचे, एका पंगतीत बसून जेवत. हे शंभर वर्षांपूर्वीचे सातारा आहे, हे लक्षात घ्यावे.

या बोर्डिंगच्या चुलीमागे लक्ष्मीबाई पाटील होत्या. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. धान्य संपले की एकेक दागिना विकला जायचा. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. आपल्या वाचक भगिनींना आम्ही सांगू इच्छितो, मोठ्या संस्थांच्या इतिहासात अध्यक्षांची नावे पहिल्या पानावर असतात, पण भाकरी कोणी थापली हे शोधायला गेले की अशी एखादी बाई सापडते.

आता आमच्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये पोरांकडून फी घेत नसत, पण काम घेत. पोरे स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, पडीक जमीन खणून पिकाखाली आणीत, दगड वाहत. 'कमवा आणि शिका' ती हीच. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. शिक्षण मोफत, राहण्याची सोय, आणि त्याच्या बदल्यात श्रम. पुढे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजही याच रीतीने उभे राहिले. संस्थेचे ब्रीदच मुळी स्वावलंबी शिक्षण. भाऊरावांना हे उमगले होते की गरीब पोराला भाकरीइतकीच ताठ मानेची गरज असते. नुसते घेत राहिलेला हात हळूहळू स्वतःलाच कमी लेखू लागतो. कुदळ धरलेल्या हाताला मात्र कोणी 'गरीब व' म्हणत नाही. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'कमवा आणि शिका' म्हणजे पोराला गॅरेजात धाडणे नव्हे. तिथले काम शाळेच्या अंगणात होते, शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि घंटा झाली की कुदळ ठेवून वर्गात बसायचे होते. दुकानातल्या कामाला वर्ग नसतो. हा फरक विसरला तर भाऊरावांचे नाव घेऊन आपण मुलांचे बालपण विकू.

आणखी एक गोष्ट सांगतात. शिवाजी कॉलेजचे नाव बदलले तर मोठी देणगी देतो, असे एका धनवानाने म्हटले. एकवेळ जन्मदात्या बापाचे नाव बदलेन, पण कॉलेजचे नाही, अशा अर्थाचे उत्तर भाऊरावांनी दिले. पैशांची त्यांना गरज नव्हती असे नाही. १९४८ मध्ये सरकारशी बिनसले तेव्हा संस्थेचे अनुदान बंद पडले होते. तरीही देणगीबरोबर येणारी पाटी त्यांना नको होती. त्यांची मदार होती ती लहान देणाऱ्यांवर, घरोघरच्या मूठभर धान्यावर. मुष्टिफंड म्हणत त्याला.

मुष्टिफंडाचे वाचले आणि आम्हाला आमच्या नानीचा डबा आठवला. तांदूळ वैरायच्या आधी नानी एक मूठ त्या डब्यात टाकायची. महिना भरला की मदरशाचा मुलगा येऊन डबा रिकामा करून न्यायचा. कोणाच्या ताटात तो भात गेला, नानीला कधी कळले नाही. कोणाच्या घरचा तांदूळ, ते पोरांना कळले नाही. लाहोरच्या अंजुमन हिमायत-ए-इस्लामनेही १८८४ पासून घराघरांतून असेच मूठमूठ पीठ गोळा करून शाळा चालवल्या. जैन घरातले भाऊराव, लाहोरची अंजुमन आणि आमची नानी, तिघांनाही एकच युक्ती सुचली, कारण ती घरातल्या शहाणपणाची युक्ती आहे. मुठीवर नाव छापता येत नाही.

आपल्या दीनमध्ये तर याची ताकीदच आहे. सूरह बकरामध्ये सांगितले आहे की उपकार बोलून दाखवल्याने आणि घेणाऱ्याला दुखावल्याने सदका वाया जातो. गरजूला गुपचूप देणे अधिक चांगले, हेही तिथेच आहे. हे आम्ही लहानपणी पाठ केले, मोठेपणी मुलांना शिकवले. आणि त्या संध्याकाळी फोटोखाली 'माशाअल्लाह' लिहिले.

रयतच्या कामात आपली माणसेही होती, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. साताऱ्यातल्या संस्थेच्या लॉ कॉलेजला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे. मुलांना घेऊन साताऱ्याला गेलात तर ती पाटी जरूर दाखवा. शिक्षणाचे काम एका जमातीचे नसते, हे त्या पाटीवर वाचता येते.

कोणी विचारेल, आता कशाला हे सगळे? २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत आहेच. आहे, आणि त्यात एक मोठी गोष्ट आहे. दुपारची खिचडी सगळ्यांना एकाच पातेल्यातून मिळते, म्हणून ती खाताना कोणाची मान खाली जात नाही. हक्क सगळ्यांचा असला की लाज कोणाचीच नसते. पण पासाचे पैसे, कंपास, बूट, आणि आठवीनंतरचा सगळा खर्च उरतोच. तिथे तुमची-आमची मदत लागते, आणि तिथेच ती टोचते.

आम्ही त्या मुलाकडे पुन्हा गेलो ते समजवायला नव्हे, माफी मागायला. दुकानाच्या पायरीवर बसून सांगितले, "यादी आम्ही केली होती. वर्गात तो प्रश्नही आम्हीच विचारला. चूक झाली." तो काही बोलला नाही. मग आम्ही म्हणालो, "शाळेत सायकलींची रांग लागते, निम्म्यांची चाके बसलेली. कार्यानुभवाच्या तासाला पंक्चर काढायला शिकवशील का?" त्याने विचारले, "पोरांना?" आम्ही म्हटले, "पोरांना, पोरींना आणि आम्हालाही."

सोमवारी तो आला. घमेल्यात पाणी, ट्यूब, कानस, सोल्युशन. बुडबुडा कुठे निघतो ते पाहायला अख्खा वर्ग वाकला होता. आता वर्गात त्याला 'मिस्त्री' म्हणतात, आणि हे नाव त्याला चालते. दप्तर अम्मीने शिवून दिले आहे, जुन्या जीन्सचे. चेन घट्ट लागते.

या जूनमध्ये आम्ही यादी कोणालाच दिली नाही. सामान आले ते शाळेच्या कपाटात ठेवले, आणि ज्या-त्या वर्गशिक्षकांनी ते कोणाचे लक्ष नसताना हातात दिले. छापलेले नाव नको म्हटल्यावर एक देणारे नाराज झाले, परत आले नाहीत. त्यांची दप्तरे गेली, याचे वाईट वाटते. पण आम्ही तो हिशोब करून ठेवला आहे.

रमजान आला की तुमच्या घरीही जकात-सदक्याचा हिशोब निघेल. जकातीचे हकदार कोण, ते आलिमांना विचारावे, तो आमचा प्रांत नाही. शिक्षक म्हणून एवढेच सांगतो. मुलाच्या हातात काही देताना फोटो काढू नका. वस्तूवर नाव छापू नका. एका मुलाला देण्यापेक्षा वर्गाला, वाचनालयाला, वसतिगृहाच्या कोठीला देता आले तर द्या. आणि ज्या मुलाला दिले, त्याला काय येते तेही एकदा विचारा. स्वयंपाकघरात एक डबा ठेवा, मूठ मुलांच्या हाताने टाकायला लावा. डब्यावर चिठ्ठी लावू नका.