मार्कस डुप्री : ‘वाया गेला’ या निकालाची तपासणी

रनिंग बॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बगलेत धरून बचावफळी भेदत धावणारा गडी. या जागेवरच्या ज्या खेळाडूंवरून महाविद्यालयीन फुटबॉलचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात, त्यांत मार्कस डुप्रीचे नाव ठळक आहे. मिसिसिपी राज्यातल्या फिलाडेल्फिया या लहानशा गावच्या या मुलाने शालेय सामन्यांत ८७ टचडाउन करून (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन) हर्शेल वॉकर या नामवंत रनिंग बॅकचा विक्रम मोडला. त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी देशभरचे प्रशिक्षक गावात येऊन गेले. ओक्लाहोमा विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक तर कित्येक आठवडे तिथल्या मोटेलात मुक्काम ठोकून होते. १९८२ मध्ये डुप्री ओक्लाहोमात दाखल झाला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये बाहेर पडला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्याच्या नावावर एकूण २५१ यार्ड लागले. ‘वाया गेला’ हा निकाल यावरूनच दिला जातो. त्याला तीन आधार सांगितले जातात.

पहिला आधार असा, की मुळातच त्याचा उदोउदो फाजील होता. हा आक्षेप मैदानावरच्या नोंदींपुढे टिकत नाही. ओक्लाहोमाचा संघ १९७० पासून ‘विशबोन’ रचनेत खेळत असे. तीत चेंडू अनेक धावपटूंमध्ये वाटला जातो. मुख्य प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी ही मुरलेली रचना पहिल्या वर्षाच्या पोरासाठी बाजूला ठेवली आणि एकाच धावपटूवर भिस्त ठेवणारी ‘आय’ रचना आणली. त्या हंगामात टेक्सास विद्यापीठाविरुद्ध त्याने ६३ यार्ड धावून टचडाउन केला. १ जानेवारी १९८३ च्या फिएस्टा बोल सामन्यात अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्ध अवघ्या १७ वेळा चेंडू हाती येऊन त्याने २३९ यार्ड काढले, म्हणजे दर खेपेला सरासरी १४ यार्ड. चार खेपांत १० यार्ड मिळवण्यासाठी जिथे घाम गाळावा लागतो, त्या खेळात हा आकडा प्रतिभेचा निर्विवाद पुरावा आहे.

दुसरा आधार आळसाचा. यात तथ्यांश आहे. फिएस्टा बोलच्या त्या सामन्याला डुप्री वाढलेल्या वजनाने उतरला होता, त्याला दम लागत होता, आणि सामना ओक्लाहोमाने गमावला. स्विट्झर यांनी त्याच्या तंदुरुस्तीवर जाहीर टीका केली. मात्र एका हंगामाची बेफिकिरी म्हणजे स्वभावातला आळस नव्हे. १९८५ मध्ये गुडघा निकामी झाल्यावर पाच वर्षे खेळाबाहेर राहिलेला हाच माणूस वजन उतरवून १९९० मध्ये एनएफएलमधल्या लॉस एंजेलिस रॅम्सच्या संघात आला. अंगचोर माणसाला हे साधत नाही. पुढे स्विट्झर यांनीही डुप्रीला हाताळण्यात आपली चूक झाल्याचे कबूल केले.

तिसरा आधार असा, की तो स्वतःहून निघून गेला. हे खरे आहे, पण अर्धेच. ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सासविरुद्धच्या पराभवात डोक्याला मार बसल्यावर तो गावी गेला तो परतलाच नाही. निर्णय घाईचा होता. वय होते १९. त्यापुढच्या वाटा मात्र नियमांनी बंद केल्या होत्या. त्याने सदर्न मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला, पण संस्था बदलल्याबद्दल बराच काळ खेळता येणार नव्हते. महाविद्यालयात खेळून पैसे घेण्यास मनाई होती आणि एनएफएलचे दार इतक्या लहान खेळाडूला बंद होते. उघडी होती ती नवखी यूएसएफएल लीग. १९८४ मध्ये तो तिच्या न्यू ऑर्लिन्स ब्रेकर्स संघात गेला, आणि पुढच्याच वर्षी गुडघा गेला. आज खेळाडू विद्यापीठ बदलून लगेच मैदानात उतरतो. २०२१ पासून आपल्या नावाच्या जाहिरातीचे पैसेही त्याला घेता येतात. तेव्हाचे नियम अपरिहार्य नव्हते, हे या बदलाने सिद्ध केले आहे.

यावरून कारकीर्द तोलण्याची न्याय्य रीत ठरते. कुवत, परिस्थिती आणि कालावधी यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. डुप्रीची कुवत आकड्यांनी सिद्ध आहे. कालावधी तोकडा ठरला, हे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे. परिस्थितीच्या रकान्यात त्याच्या चुकीशेजारी प्रशिक्षकाची, नियमांची आणि गुडघ्याची नोंद हवी. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढांनी बांधलेल्या अपेक्षा हा एक अंदाज असतो. तो फसला की त्याची भरपाई त्या मुलाकडून मागणे अन्याय्य आहे. ‘वाया गेला’ म्हटले की कर्ता एकटा डुप्री उरतो. ‘वाया घालवला’ म्हणून पाहिले, तर कोणी, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि त्याच्या उत्तरात डुप्रीचे नाव येते, पण एकट्याचे येत नाही.