गोठ्यांतील सांथ व घरांतील विचार

बुळकांडीचें नांव आजच्या मुलांस ठाऊक नाहीं, हें मोठेंच भाग्य होय. गांवचे गोठे पाहतां पाहतां रिकामे करणाऱ्या अशा रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यांतच सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरास गेली. भारतांत बुळकांडी १९९५ मध्यें शेवटची आढळली. २०११ सालीं सारें जग तीपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. हें लसीनें झालें खरें. परंतु लस टोंचून झाल्यावर गांवोगांव फिरून ‘कोठें आजारी गुरूं आहे काय’ असें विचारणाऱ्यांचा व त्यांस खरें सांगणाऱ्यांचाही त्यांत वांटा आहे. या खरें सांगण्याविषयींच आज आम्हांस बोलावयाचें आहे.

२०२२ च्या पावसाळ्यांत लंपी चर्मरोग आला. १९२९ सालीं आफ्रिकेंत प्रथम दिसलेला हा रोग २०१९ मध्यें ओडिशांत उतरला होता. ऑगस्ट २०२२ मध्यें जळगांव जिल्ह्यांत त्यानें डोकें वर काढलें, व पुढच्याच महिन्यांत सरकारास सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून गुरांचे बाजार, जत्रा व शर्यती बंद कराव्या लागल्या. आमचें लोणी आंबेगांव तालुक्यांतलें, पूर्वेकडील कमी पावसाच्या टापूंतलें (राहात्याचें प्रसिद्ध लोणी नव्हे). येथें चार पैसे हातीं येतात ते दुधाचे, आणि हौस ती बैलगाड्याची. सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी देऊन वर्षही झालें नव्हतें, तोंच घाट पुन्हां ओस पडले. मंडळी हळहळली, पण झालें तें योग्यच झालें. चावऱ्या माशा, डांस व गोचीड हा रोग पसरवितात. माशी कोसभर जाईल न जाईल. टेंपोंत चढविलेली गाय मात्र एका रात्रींत तीन जिल्हे ओलांडते.

पूर्वीं सांथ आली कीं मरीआईचा गाडा काढून तो शेजारच्या गांवच्या शिवेवर नेऊन सोडीत. आपण शिकलेले लोक त्यास हंसतों. परंतु अंगावर गांठी उठलेली गाय येईल त्या किंमतीस बेल्ह्याच्या बाजारीं उभी करणें किंवा दलालाच्या हवालीं करणें, हा दुसरा कोणता प्रकार आहे? त्या गाड्यांतून निदान रोग तरी जात नसे.

आमच्या परिचयाच्या एका मोठ्या घरीं त्या सालीं अशींच खलबतें झालीं. गाईच्या अंगांतील ताप व कांसेजवळच्या गांठी धार काढणाऱ्या सूनबाईंस पहांटेसच कळल्या होत्या. पुण्यांतील भावोजी फोनवरून विचारीत राहिले, “डॉक्टरांस कळविलें तर दूध कोण घेणार?” यांत आठवडा गेला. पुढें महिन्याच्या आंत शेजाऱ्यांचीं दोन वासरें गेलीं. तीं याच गोठ्यांतल्या माशीनें कीं दुसऱ्या, हें कोण सांगणार? पण त्या दोन घरांचें हळदीकुंकू अद्याप बंद आहे.

आणि दुधाची ती भीति व्यर्थच होती. हा रोग माणसांस होत नाहीं, व दूध उकळून घेण्याची आपली रीत आहेच. त्या सालीं मेलेल्या दुभत्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये मदत होती, पण लपविलेल्या गाईचा पंचनामा कोण करणार? २००९ च्या कायद्यानें तर संशय येतांच कळविणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे.

म्हणून या गोष्टी उन्हाळ्याच्या सुटींत सर्व मंडळी एकत्र जमतात तेव्हांच ठरवाव्या. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसापूर्वींच टोंचवून घ्याव्या. लंपीची लस अंगीं लागावयास सुमारें तीन आठवडे जातात. गांठी दिसल्यावर धांवणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें. आजारी गुरास बांधावयाची वेगळी जागा, वेगळी बादली व त्याच्याकडे जाणारें एकच माणूस नेमावें. विकत आणलेली गाय चार आठवडे आपल्या दावणीस बांधूं नये. कडुनिंबाचा धूर खुशाल करावा. त्यानें डांस हटतात, रोग बरा होत नाहीं. अकस्मात् मेलेल्या व नाकातोंडांतून रक्त आलेल्या जनावरास मात्र कोणीं चिरूं नये. ती काळपुळी असूं शकते, आणि ती माणसासही सोडीत नाहीं.

डॉक्टरांस कळविण्याचा अधिकार धार काढणाऱ्या बाईस आधींच देऊन ठेवावा. वडिलांची संमति, पुण्याचा फोन, डेअरीचा विचार हें सारें मागाहून होऊं द्यावें. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर डांबरानें लिहावा. खडूचें लिहिलेलें पहिल्याच सरींत पुसून जातें.