सोलर हीटर घेताय? नळ्यांतून काय फिरणार, ते विचारा

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली आणि गावोगावी सोलरचा बोलबाला झाला. पण मैत्रिणींनो, एक घोळ आधी मिटवू या. ही योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आखलेली आहे. पाणी तापवणारा सोलर हीटर वेगळा.

हीटरचा फायदा खराच आहे. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला विजेच्या गिझरला जवळजवळ पाच युनिटं लागतात. तेच काम ऊन फुकट करतं. पण ही उष्णता टाकीपर्यंत वाहून कोण नेतं?

साध्या हीटरमध्ये आपलंच पाणी नळ्यांत तापून टाकीत चढतं. दुसऱ्या प्रकारात नळ्यांतून वेगळा द्रव बंदिस्त फिरतो. तो टाकीतल्या पाण्याला उष्णता देतो, त्यात मिसळत मात्र नाही. लडाखसारख्या ठिकाणी त्यासाठी पाण्यात ग्लायकॉल घालतात, कारण नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि नळ्या फोडतं.

आपल्याकडे कुठलं आलंय एवढं बर्फ? महाबळेश्वरला कधीतरी दव गोठतं, तेवढंच. आपली डोकेदुखी म्हणजे बोअरचं जड पाणी. पाणी तापवायच्या पातेल्याला बसतो तसाच पांढरा थर तांब्याच्या बारीक नळ्यांत बसतो आणि हीटर हळूहळू कोमट पाणी देऊ लागतो.

म्हणून जड पाण्याच्या गावात थोडा महाग असला तरी बंदिस्त प्रकार मला पटतो. आत क्षार काढलेलं पाणी पुरतं, ग्लायकॉलची गरज नाही. पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. कडक उन्हाळ्यात फार तापलं की ते आम्लधर्मी होतं, धातू खातं आणि बदलावं लागतं. शिवाय एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्यामानानं सुरक्षित. बजेट कमी असेल, तर काचेच्या रुंद नळ्यांचा साधा हीटर बघा. त्या साफ करणं सोपं जातं.

तेव्हा विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराच : आत काय फिरतं? आमच्या पाण्याला ते चालेल का? सफाई कोण करणार? उत्तरं बिलावर लिहून घ्या. हीटर कोणीही पसंत करो, पहाटे थंड पाण्याशी गाठ आपलीच पडते ना!