बॅकअप आहे म्हणता? मग यादी दाखवा!

"सर्व्हर डाऊन आहे" हे ऐकून आपण सगळे आता निबर झालोय. पण त्याच्या जोडीला येणारं दुसरं वाक्य जास्त धोक्याचं आहे: "काळजी करू नका, बॅकअप आहे." जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, फेरफार, सगळं कॉम्प्युटरवर गेलंय. जुन्या रजिस्टरला वाळवी लागली तर निदान डोळ्यांना दिसायची. रात्री निघणारी डंप फाईल उघडून कोण बघतो?

बघायला फार काही लागत नाही हो. एसक्यूएल सर्व्हर असेल तर 'रिस्टोअर हेडरओन्ली' ही एक कमांड. कुठल्या डेटाबेसचा बॅकअप, कधी सुरू झाला, कधी संपला, आकार किती, सगळं समोर येतं. ओरॅकलवाल्यांनी आरमॅनमध्ये 'रिपोर्ट नीड बॅकअप' विचारावं, कशाचा बॅकअप राहिलाय ते तो सांगतो. 'क्रॉसचेक' केलं की वहीत लिहिलेली फाईल खरंच डिस्कवर आहे की नाही ते कळतं. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी-रिस्टोअर'ला नुसती यादी मागता येते (डंप साध्या मजकुराचा नसेल तर). मूळ डेटाला यात कुठेही हात लागत नाही. फुकट काम आहे, आणि तेच होत नाही.

होत नाही तेव्हा काय होतं, तर गिटलॅबचं बघा. 31 जानेवारी 2017. तिथल्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसची फोल्डर उडवली. सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी! डंप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे डंप निघतच नव्हता. तसं सांगणारे ईमेल सुटत होते, पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे तक्रार करणाराही मुका. कोणीतरी सहा तास आधी योगायोगाने एक प्रत काढली होती म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीर लिहून टाकलं, हा त्यांचा मोठेपणा. आपल्याकडे "तांत्रिक अडचण" या दोन शब्दांत गुंडाळलं असतं.

सरकारं यातून सुटलेली नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हचा 858 टेराबाइट डेटा गेला. बॅकअपच नव्हता. उलट दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ई-हॉस्पिटलचा डेटा शाबूत राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत आणला. तरी सेवा सुरळीत व्हायला दोन आठवडे गेले.

आता कोणी म्हणेल, यादी आली म्हणजे झालं का? नाही. यादी नीट दिसते आणि फाईल परत चढत नाही, असंही होतं. म्हणून अधूनमधून दुसऱ्या मशीनवर डेटा चढवून बघायलाच हवा. पण जिथे यादीसुद्धा कोणी काढत नाही, तिथे त्याच्या पुढची अपेक्षा काय करायची?

आणि "सुरक्षेचा प्रश्न आहे, सांगता येत नाही" हे उत्तर मला मान्य नाही. आम्ही पासवर्ड मागत नाही, सर्व्हरचा पत्ता मागत नाही. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, आणि तो परत चढवून शेवटचं कधी पाहिलं, एवढंच विचारतोय. तारीख कळल्याने कुठला हॅकर आत शिरणार? खरं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगितलंय, त्यात हे दर महिन्याला कार्यालयाच्या वेबसाइटवर यायला हवं. ठेकेदाराचं बिल काढतानाही हाच कागद जोडून मागा. नुसत्या "बॅकअप घेतला" या सहीवर पैसे का द्यायचे?

तोवर आपापल्या नगरपालिकेत अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत आरामात बसतं. मजकूर कॉपी करा: "आपल्या कार्यालयाच्या डेटाबेसच्या मागील सहा महिन्यांतील बॅकअप तपासणीचे अहवाल, तसेच बॅकअपमधून डेटा पूर्ववत करून पाहिल्याच्या शेवटच्या चाचणीचा दिनांकासह अहवाल, यांच्या प्रती मिळाव्यात." तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "अभिलेख उपलब्ध नाही" असं आलं तर तो कागद टाकून देऊ नका, इथे कमेंटमध्ये फोटो लावा.