कॉटखालचे खोके

गेल्या पावसाळ्यात दौंड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक संपली. हिशेबाची वही मिटली, बाया उठल्या, एक जण मात्र सतरंजी गुंडाळत मागे रेंगाळली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, एक वस्तू परत द्यायचीय. जमंल का?"

वस्तू म्हणजे पाण्याचा फिल्टर. आठ दिवसांपूर्वी भरदुपारी कंपनीची मुलगी घरी आली. बाईने चहा केला. मुलीने एका पेल्यात नळाचे पाणी घेतले, दुसऱ्यात फिल्टरचे. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाचे पाणी बघता बघता तांबडेकाळे झाले. "हे तुमची पोरं रोज पितात," ती म्हणाली. मग दोन तास उठलीच नाही. "एवढं सगळं दाखवलं, आता नाही म्हणता?" शेवटी बाईने मोबाईलवर आलेला ओटीपी सांगून टाकला आणि हप्ता सुरू झाला. नवऱ्याला, सासूला पत्ता नाही. खोके कॉटखाली, वर गोधडी.

"मग घेतलाच कशाला?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. कारण दोन वर्षांपूर्वी शिरूरला, माझ्याच घरात, मुलीच्या अभ्यासाच्या महागड्या संचासाठी मीही अशीच सही केली होती. एम. एस. डब्ल्यू. झालेली, हक्कांवर शिबिरे घेणारी मी! "आई दिवसभर बाहेर, मग मुलीच्या अभ्यासाकडे कोण बघणार?" एवढा एक प्रश्न मला पुरला. संच मी परत केला, पण आधी तीन रात्री झोप नव्हती, आणि घरी किंमत सांगताना मी खोटे बोलले.

मैत्रिणींनो, आम्हा दोघींना वस्तू विकली गेलीच नाही. विकली गेली ती 'आपण आई म्हणून कमी पडतो' ही भीती. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते हे दौंडच्या बाईला कुणी सांगायला नको. तिची काळजी खरी आहे, म्हणूनच ती वापरता येते. शिवाय दारात आलेल्याला चहा द्यायचा, 'नाही' म्हणून कुणाला दुखवायचे नाही, हे आपल्या अंगी लहानपणापासून मुरलेले. या वळणाचाच इथे धंदा होतो.

आणि तो तांबडा रंग? कांडीतल्या लोखंडाचा तो गंज. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजते. फिल्टरने क्षार काढून टाकलेले असतात, म्हणून ते पाणी स्वच्छ दिसते. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे या प्रयोगातून कळतच नाही.

अशा वेळी बाईचा 'हो' हा होकार मानायचा का? १८७२ चा करार कायदा सांगतो की संमती मुक्त हवी. खोटे सांगून मिळवलेली असेल तर तो करार रद्द करता येतो. आपल्या मातीला तर हा धडा जुना आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४ मध्ये सावकारावर बहिष्कार टाकला. मे १८७५ मध्ये सुप्याला उठाव झाला. लोकांनी कर्जखते जाळली, कारण खताखाली अंगठा होता, पण त्यामागचा व्यवहार कुणी विचारत नव्हते. १८७९ च्या कायद्याने अखेर न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावले. आज अंगठ्याच्या जागी ओटीपी आला, एवढेच.

कायद्याने आज काय मिळते? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेणार नाही' हे वाक्य छापले म्हणून दुकानदार यातून सुटत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही. १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या माणसांनी ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी येऊ नये, असा २०२१ चा नियम आहे.

पण वस्तू चांगली आहे, बिलही आहे, फक्त गळ घालून, लाजवून गळ्यात मारली, तर? तिथे कायदा तोकडा पडतो. विमा पॉलिसी घेतली तर फेरविचाराला ३० दिवस मिळतात. ॲपवरून घेतलेले कर्जही ठरावीक मुदतीत दंडाशिवाय फेडून मोकळे होता येते. दारात विकलेल्या वस्तूला मात्र अशी सरसकट मुदत नाही. युरोपीय संघात ती १४ दिवसांची आहे, अमेरिकेत ३ दिवसांची. जिला एकटीने कधी मोठी खरेदी करू दिली नाही, तिला घरच्यांशी बोलायला चार दिवस नकोत का? ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर? आम्ही गटातल्या पाच जणी खोके घेऊन दौंडच्या दुकानात गेलो. आधी हसले, मग "वापरलेला दिसतो" म्हणाले. आम्ही सील दाखवले, कांड्यांचा प्रयोग तिथेच करून दाखवायला सांगितले, आणि लेखी अर्जावर पोच मागितली. तासाभराने माल परत घेतला गेला, कर्जही रद्द झाले. प्रक्रिया शुल्क मात्र बुडाले. ती विकणारी मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिचे कमिशन गेले. तिच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट असते, ते चुकले तर पगार कापतात, हे तिने बाहेर येऊन सांगितले. राग तिच्यावर काढून चालणार नाही. तिला दारोदार पाठवणारा तिथे नव्हताच.

परतताना बाई म्हणाली, "पैशापेक्षा लपवायचा जीव जात होता." खरे ओझे तेच होते. वस्तू परत देण्यात कमीपणा नाही, तो आपला अर्धवट राहिलेला 'नाही' पुरा करणे आहे. पण एकटीने ते जड जाते.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न नक्की विचारा : कुणाच्या कॉटखाली काही आहे का? विचारताना आधी स्वतःचे सांगा. मग बाकीच्या बोलतील.