सोयीपुरत्या अस्मा जहाँगीर

मार्च 2008 मधली गोष्ट. पाकिस्तानच्या वकील अस्मा जहाँगीर मुंबईत आल्या आणि बाळ ठाकरे यांना भेटल्या. भेटीचे छायाचित्र निघाले, सीमेपलीकडे पोहोचले आणि त्यांच्या विरोधकांनी ते पुढे कित्येक वर्षे नाचवले. बघा, ही बाई हिंदुस्थानची हस्तक! वास्तविक त्या पाकिस्तानच्या वतीने आल्याच नव्हत्या. धर्मस्वातंत्र्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या विशेष प्रतिवेदक म्हणून त्या आल्या होत्या. ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्याचेही ऐकून घ्यायचे, ही त्या कामाची रीत आहे.

हे प्रतिवेदक म्हणजे कोण? त्यांना पगार नसतो, फक्त खर्च मिळतो. मुदत जास्तीत जास्त 6 वर्षांची. फौज नाही, दंड करण्याचा अधिकार नाही. सरकारच्या संमतीशिवाय त्यांना त्या देशात अधिकृत दौराही करता येत नाही. हातात असते ती फक्त लेखणी. आणि एवढ्याशा लेखणीला सरकारे किती भितात!

इस्रायलने डिसेंबर 2008 मध्ये रिचर्ड फॉक यांना विमानतळावर अडवून परत पाठवले. म्यानमारने 2017 च्या अखेरीस यांगी ली यांना दार बंद केले. रोहिंग्यांची वाताहत त्यांनी पाहू नये म्हणून. गाझाबद्दल बोलणाऱ्या फ्रान्सेस्का अल्बानीज यांच्यावर अमेरिकेने जुलै 2025 मध्ये निर्बंध लादले. ही उदाहरणे आमच्या सभांमधून तावातावाने सांगितली जातात. सांगितलीच पाहिजेत.

पण यादी इथे संपत नाही. इराणसाठी 2011 पासून अहमद शहीद, मग स्वतः अस्मा जहाँगीर, मग जावेद रहमान नेमले गेले. तिघेही मुसलमान घरातले. इराणच्या इस्लामी सरकारने एकालाही देशात येऊ दिले नाही. मलेशियात न्यायव्यवस्थेवर बोलल्याबद्दल परम कुमारस्वामी या प्रतिवेदकावर बदनामीचे खटले भरले गेले, आणि सरकारने त्यांना वाऱ्यावर सोडले. अखेर 1999 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला सांगावे लागले की, या कामात उच्चारलेल्या शब्दांसाठी त्यांच्यावर खटला चालू शकत नाही. आणि नोव्हेंबर 2007 मध्ये मुशर्रफ यांनी आणीबाणी पुकारून अस्मा जहाँगीर यांना लाहोरमध्ये त्यांच्याच घरात कैद केले, तेव्हा त्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिवेदक होत्या. ही नावे आमच्या सभांमधून का ऐकू येत नाहीत?

आपल्या देशाचेही बघू. भारताने अस्माबाईंना येऊ दिले, फिरू दिले, हे मान्य केले पाहिजे. 2011 मध्ये तर सर्वच प्रतिवेदकांना खुले निमंत्रण दिले. पण छळविरोधी प्रतिवेदक 1993 पासून दौऱ्याची परवानगी मागत राहिले आणि उत्तर मिळाले नाही. दार उघडे आहे असे सांगायचे आणि कोठडीच्या दिशेने निघालेल्याला उंबऱ्यावरच थांबवायचे, याला निमंत्रण म्हणत नाहीत.

आता आमच्याकडे वळू. अस्माबाईंचा भारतावरील अहवाल 2009 मध्ये आला. 2002 नंतर गुजरातेत मुसलमानांची वस्ती कशी वेगळी पडत गेली, पीडितांना न्याय कसा मिळाला नाही, हे त्यात आहे. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये, अशी शिफारस आहे. ती आमच्यातल्या दलित मुसलमानांच्या थेट कामाची. काही राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांवर टीकाही आहे. माणसाला आपला धर्म निवडण्याचा आणि बदलण्याचा हक्क आहे, हा त्या टीकेचा आधार. ही पाने आमच्यातल्यांनी हौसेने वाचली.

पण तो आधार एकतर्फी नाही. जो हक्क हिंदूला इस्लाम स्वीकारू देतो, तोच हक्क मुसलमानाला इस्लाम सोडू देतो. अस्माबाई हे दोन्ही म्हणत. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या अल्पवयीन ख्रिस्ती मुलाचा खटला 1995 मध्ये लाहोर उच्च न्यायालयात लढवून त्याला सोडवण्यात त्यांचा हात होता. अहमदियांच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. स्त्रीची साक्ष अर्धी धरणाऱ्या कायद्याविरुद्ध त्या झियांच्या काळात रस्त्यावर उतरल्या. इथे मात्र आमच्यातल्या अनेकांना एकाएकी आठवते की, ही बाई पाश्चात्त्यांच्या पैशावर नाचते, हिला शरीयतचे काय कळते! आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. मग आमच्यात आणि मुशर्रफ यांच्यात फरक तो काय राहिला? त्यांच्या हाती पोलीस होते, आमच्या हाती नाहीत, एवढाच.

बलाढ्य राष्ट्रे मानवाधिकार सोयीने वापरतात, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर आपणही सोयीने वापरावे, हे नव्हे. या देशात आम्ही अल्पसंख्य आहोत. आमच्याजवळ सत्ता नाही. आहे तो फक्त सर्वांना सारखा लागू होणारा नियम. तो आम्हीच मोडला, तर उद्या गुजरातबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार?

अस्मा जहाँगीर 11 फेब्रुवारी 2018 रोजी गेल्या. त्यांचा भारतावरील अहवाल पुरता मराठीत आणावा, मोहल्ल्यातल्या वाचनालयात ठेवावा, आणि त्याच्या शेजारी त्यांनी पाकिस्तानात लढवलेल्या खटल्यांची हकीकतही ठेवावी. दोन्ही वाचण्याची तयारी नसेल, तर त्यांचे नाव आमच्या भाषणांतून काढून टाकावे. अर्धी साक्ष त्यांनी कधी मान्य केली नव्हती. त्यांची स्वतःची साक्ष तरी आम्ही अर्धी धरू नये.